पाच वॅट आणि ऐकणारा माणूस

(सार्वजनिक व्याख्यानमालेतील भाषणाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक रेडिओवर बोलणार म्हटल्यावर काहींना वाटलं असेल, हा आता आकाशवाणीच्या आठवणी सांगणार. तसं नाही. मी हॅम आहे, म्हणजे हौशी रेडिओचालक. सरकारी परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा, एक कॉलसाइन मिळते, आणि मग घरातल्या यंत्रावरून जगभरच्या इतर परवानाधारकांशी संपर्क करायचा. मध्ये इंटरनेट नाही, उपग्रह नाही. तार, हवा आणि वर आयनांबर. आपण पाठवलेली लहर वर जाते, तिथून वाकून खाली येते, कुठेतरी पडते. जिथे पडते तिथे कोणी ऐकत बसलेलं असेल तर संपर्क होतो.

आज मात्र हौशी रेडिओची सगळी पोथी उघडत नाही. एकच अध्याय घेतो. या छंदात स्पर्धा असतात, आणि त्या स्पर्धांत मी मुद्दाम सर्वांत कमी शक्तीच्या गटात उतरतो. का उतरतो, त्यात काय करावं लागतं, आणि एकदा माझं त्यात काय झालं, एवढंच सांगणार आहे. ते तिसरं सांगायचं की नाही याचा येताना रिक्षात विचार करत होतो. सांगतो.

आधी स्पर्धा म्हणजे काय ते पाहू. सगळ्यांत मोठी म्हणजे ‘सीक्यू वर्ल्ड वाइड’. ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी बोलण्याची, नोव्हेंबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी मोर्सची. ४८ तास. जागतिक प्रमाणवेळेनुसार शनिवारच्या शून्य तासाला सुरू होते, म्हणजे आपल्याकडे शनिवारी पहाटे साडेपाचला. संपते सोमवारी पहाटे साडेपाचला. या वेळा लक्षात ठेवा, पुढे लागतील.

काम वरकरणी सोपं आहे. जास्तीत जास्त स्थानकांशी संपर्क करायचा. प्रत्येक संपर्कात दोन गोष्टी सांगायच्या: तुमचा सिग्नल मला कसा येतोय तो आकडा, आणि माझा विभाग कोणता. या स्पर्धेसाठी जगाचे ४० विभाग पाडले आहेत. आपला २२ वा. भारत, श्रीलंका, नेपाळ, भूतान, बांगलादेश, मालदीव हे सगळे त्यात. दुसऱ्या खंडातल्या स्थानकाला ३ गुण, आपल्याच खंडातल्या दुसऱ्या देशाला १, स्वतःच्या देशाला शून्य. मग प्रत्येक बँडवर जितके वेगळे देश आणि वेगळे विभाग मिळाले, त्यांची बेरीज म्हणजे गुणक. गुण गुणिले गुणक म्हणजे तुमची धावसंख्या.

यातली गंमत हिशोबात आहे. समजा माझे ५०० गुण झालेत आणि गुणक ८० आहे. ४०,००० झाले. आता जर्मनीचं आणखी एक स्थानक मिळालं, तर ३ गुण वाढले, म्हणजे २४० ची भर. पण त्याऐवजी आधी न मिळालेला एक नवा देश मिळाला, तर गुणकच ८१ होतो, म्हणजे ५०० ची भर, शिवाय त्या संपर्काचे गुण वेगळे. त्यामुळे छोट्या स्थानकवाल्यानं गर्दी मोजत बसू नये, विविधता शोधावी. जपान आपल्याला उत्तम ऐकू येतो, पण जपान आशियात, एकच गुण. युरोपात तीन. म्हणून भारतातला माणूस दुपार कलली की पश्चिमेकडे कान लावून बसतो.

आता शक्ती. या स्पर्धेत मोठ्या शक्तीचा गट १५०० वॅटपर्यंत जातो; ज्या त्या देशाचा कायदा परवानगी देईल तितकं. मधला गट १०० वॅटपर्यंत. आणि सगळ्यांत खाली क्यूआरपी, ५ वॅट. तारायंत्राच्या काळापासून चालत आलेल्या संक्षेपांमध्ये क्यूआरपीचा अर्थ ‘शक्ती कमी करा’ असा आहे. पाच वॅट म्हणजे किती, तर देवघरात रात्रभर लावून ठेवतो तो छोटा एलईडी दिवा. आणि १५०० वॅट म्हणजे जवळजवळ बाथरूममधला गीझर. दिव्यानं गीझरशी स्पर्धा करायची.

हे ऐकून लोक हसतात. मीही हसलो होतो. पण जरा गणित करा. रेडिओवर सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मीटरवर एक ते नऊ अशी घरं असतात. एक घर म्हणजे सहा डेसिबल, असा संकेत आहे. सहा डेसिबल म्हणजे शक्ती चौपट. मग पाचाचे वीस: एक घर. विसाचे ऐंशी: दुसरं. ऐंशीचे तीनशेवीस: तिसरं. तीनशेवीसचे बाराशेऐंशी: चौथं. म्हणजे तीनशेपट शक्तीचा फरक ऐकणाऱ्याच्या मीटरवर फक्त चार घरांहून थोडा जास्त! गीझर नवव्या घरात पोहोचत असेल तर माझा दिवा पाचव्या घरात जेमतेम पोहोचतो. आणि आयनांबर इतकं लहरी आहे की काही सेकंदांत तीन-चार घरांचा चढउतार ते स्वतःच करतं. निसर्ग ज्या गोष्टीशी सहज खेळतो, तेवढाच आपल्या दोघांतला फरक.

पण इथे एक ‘पण’ आहे, आणि माझ्या मते सगळा विषय त्या ‘पण’मध्ये आहे. पाचव्या घरातला सिग्नल आरामात ऐकता येतो, कधी? ऐकणाऱ्याकडचा खरखराट दुसऱ्या घरात असेल तेव्हा. तो सातव्या घरात असेल तर मी संपलो. म्हणजे माझं यश माझ्याकडे नाहीच. ते त्याच्याकडे आहे: त्याच्या अँटेनाकडे, त्याच्या गावातल्या शांततेकडे, आणि मुख्य म्हणजे त्याच्या कानाकडे. मोठ्या शक्तीचा माणूस स्वतःला ऐकवू शकतो. पाच वॅटवाल्याला कोणीतरी ऐकून घ्यावं लागतं.

खरखराटावरून आठवलं. मी पुण्यात एका सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहतो. गच्चीवर डायपोल आहे, म्हणजे मधोमध केबल जोडलेली साधी तार. २० मीटर बँडसाठी ती तार साधारण १० मीटर लांब लागते, ४० मीटरला त्याच्या दुप्पट. कपडे वाळत घालायच्या दोरीपेक्षा तिचं रूप फार वेगळं नाही, आणि एका काकूंनी तिच्यावर एकदा गोधडी घातलीही होती. अडचण तारेची नाही. अडचण आहे आजूबाजूच्या प्रत्येक घरातले एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर यांची. हे सगळे रेडिओच्या पट्टीवर सतत गुरगुरत असतात. मला सातव्या घराखालचं काही ऐकूच येत नाही. आणि मग वीज जाते. अहो, काय सांगू! पंखे थांबतात, लोक बाल्कनीत येऊन महावितरणला नावं ठेवतात, आणि इकडे माझा रेडिओ १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालू असतो. खरखराट एकदम दुसऱ्या घरावर उतरतो. त्या वेळी पट्टीवर जी बारीक बारीक स्थानकं उगवतात ना, ती आधीही तिथेच होती. मीच बहिरा होतो. स्पर्धेच्या शनिवार-रविवारी अख्ख्या सोसायटीत वीज जावी अशी इच्छा धरणारा मी एकटाच असेन.

तर आता प्रत्यक्ष खेळायचं कसं.

पहिलं, शक्यतो मोर्समध्ये खेळायचं. बोलण्याच्या सिग्नलला सुमारे अडीच हजार हर्ट्झची जागा लागते. मोर्स पाचशेच्या, त्याहूनही अरुंद फटीतून ऐकता येतो. फट जितकी अरुंद, तितका खरखराट कमी आत येतो. अडीच हजारावरून पाचशेवर आलात की सात डेसिबलचा फायदा, म्हणजे एक घर फुकटात.

दुसरं, आपण हाका मारत बसायचं नाही. मोठी स्थानकं एका जागी ठाण मांडून ‘सीक्यू, सीक्यू’ करतात आणि लोक त्यांच्याकडे येतात. पाच वॅटवाल्यानं तसं केलं तर दहा मिनिटांत कोणीतरी येऊन त्याच्या डोक्यावर बसतो. तो दुष्ट असतो असं नाही, त्याला तुम्ही ऐकूच आलेले नसता. आपण पट्टीभर फिरायचं, मोठ्यांना शोधायचं, आणि त्यांच्या दारात जायचं.

दारात गर्दी असते. एसटी स्टँडवर गाडी लागली की दाराशी जी झुंबड उडते, अगदी तीच. धक्काबुक्कीत आपला निभाव लागणार नाही. मग आपली माणसं काय करतात? खिडकीतून रुमाल टाकतात. इथेही खिडकी शोधावी लागते. गर्दीतले बहुतेक जण बरोबर एकाच फ्रीक्वेन्सीवर हाक देतात, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या कानात सगळ्यांचा एकच सूर होऊन नुसता गोंगाट होतो. आपण शंभर-दीडशे हर्ट्झ बाजूला सरकायचं, म्हणजे आपला सूर वेगळा लागतो. आणि सगळे एकदम ओरडून थांबले की जो क्षणभराचा पोकळ अवकाश राहतो, त्यात आपली कॉलसाइन एकदाच टाकायची. दोनदा नाही. कधी तो उत्तर देतो, कधी देत नाही, कधी अर्धीच अक्षरं पकडून प्रश्नचिन्ह पाठवतो. ते प्रश्नचिन्ह म्हणजे त्यानं रुमाल पाहिला.

तिसरं, धीर धरायचा. पहिले काही तास मोठी स्थानकं तासाला शंभर-दीडशे संपर्क करत असतात, त्यांना तुमच्यासाठी थांबायला फुरसत नाही. दुसऱ्या दिवशी चित्र पालटतं. मोठ्यांचे सगळे मोठे सिग्नल करून झालेले असतात. एका स्थानकाशी एका बँडवर एकदाच संपर्क चालतो. आता त्यांना नवं कोणी मिळत नाही आणि ते रिकाम्या पट्टीत हाका मारत बसतात. ही आपली वेळ. आपल्या घड्याळात रविवार दुपारपासून सोमवार पहाटेपर्यंत. आदल्या दिवशी ज्यानं ढुंकून पाहिलं नाही तोच माणूस आता तीन-तीनदा कॉलसाइन विचारून घेतो.

त्यात आपल्याला एक जन्मजात सवलतही आहे. युरोपात हजारो स्थानकं, विभाग २२ मधून मात्र थोडीच. माझी एक कुजबूज पकडली तर त्या माणसाला भारत आणि विभाग २२, असे दोन गुणक मिळू शकतात. म्हणजे माझा आवाज बारीक, पण पत्ता भारी. पाच वॅटचा जर्मन आणि पाच वॅटचा पुणेकर सारखे नाहीत. हे मान्य करायला हवं, नाहीतर आम्ही उगीच स्वतःच्या कौशल्याच्या गोष्टी सांगत सुटतो.

आणखी एक मौज सांगतो. त्यानं माझी कॉलसाइन तीनदा विचारली, अक्षर अक्षर गोळा केलं, आणि मग मला सिग्नलचा अहवाल काय दिला? ‘पाच-नऊ-नऊ’. म्हणजे अत्यंत स्पष्ट, अत्यंत जोरदार! स्पर्धेत सगळे सगळ्यांना हाच आकडा देतात. माझ्यातल्या नीतिशास्त्राच्या मास्तराला पहिल्या वर्षी हे फार खटकलं. मग आजोबांची जुनी पत्रं आठवली. घरात आजारपण असो, कर्ज असो, पत्राची सुरुवात ‘येथील सर्व क्षेम’ अशीच. ते खोटं होतं का? खोटं ठरायला समोरच्यानं विश्वास ठेवावा असा हेतू लागतो. इथे कोणीच ठेवत नाही. तो आकडा म्हणजे ‘तुझं पत्र पोहोचलं’ एवढंच. खरी माहिती दुसऱ्या ठिकाणी असते: कॉलसाइन आणि विभाग. ती चुकली तर मात्र माफी नाही. स्पर्धेनंतर सगळे आपापल्या नोंदी पाठवतात आणि संगणक त्या एकमेकांशी ताडून पाहतो. माझ्या नोंदीत तुम्ही आहात, पण तुमच्या नोंदीत मी नाही, तर माझा संपर्क जातोच, वर दंडाचे गुणही कापले जातात.

हे शेवटचं वाक्य लक्षात असू द्या.

इथे एक चिठ्ठी आली आहे. ‘पाच वॅटवर स्पर्धा म्हणजे स्वतःचा एक हात बांधून कुस्ती खेळण्यासारखं नाही का?’ चांगला प्रश्न आहे. हात बांधून नव्हे, वजनी गटात. सत्तावन्न किलोचा मल्ल एकशेपंचवीस किलोच्या मल्लाशी लढत नाही, तसा माझा निकाल पाच वॅटवाल्यांमध्येच लागतो. पण कुस्तीत आणि यात एक फरक आहे. कुस्तीत वजन दुसरे घेतात. इथे काट्यावर आपणच उभे आणि आकडा वाचणारेही आपणच. माझा रेडिओ १०० वॅट देऊ शकतो. मी एक बटण फिरवून तो पाचवर आणतो आणि अर्जात लिहितो, पाच वॅट. माझ्या खोलीत कोणी नसतं. आयोजक आता पट्ट्यांवरचे सिग्नल ध्वनिमुद्रित करून ठेवतात, संशय आला तर तपासतात. पण आयनांबरच जिथे चार घरं वरखाली करतं, तिथे पाचचे पन्नास झाले हे दुरून कोण सिद्ध करणार?

आता ते तिसरं सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट, मोर्सची स्पर्धा, रविवारची पहाट. सूर्योदयाला अर्धा तास होता. ४० मीटरवर ही वेळ मोलाची: इथे अजून अंधार, पलीकडे अमेरिकेच्या बाजूला नुकती रात्र चढलेली, आणि मधला सगळा रस्ता अंधाराचा. कॅरिबियनमधल्या एका बेटावरचं स्थानक ऐकू येत होतं. त्या बँडवर मला नवा देश आणि नवा विभागही. पाऊण तास मी रुमाल टाकत होतो. एकदा त्यानं ‘व्हीयू?’ असं विचारलं, मी उत्तर दिलं, आणि गर्दीनं मला गिळलं. उजाडायला लागलं की हा रस्ता बंद होतो. मी बटण पाचवरून पन्नासवर नेलं.

त्यानं पहिल्याच हाकेला उत्तर दिलं. सगळा संपर्क दहा-बारा सेकंदांचा. बटण परत पाचवर आणलं आणि उरलेले तेवीस तास प्रामाणिकपणे खेळलो. तेवीस तास प्रामाणिकपणे, हे मी स्वतःला अनेकदा सांगितलं.

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या दुसऱ्या भागात ग्लॉकन एक गोष्ट सांगतो. एका मेंढपाळाला अंगठी सापडते. ती फिरवली की तो अदृश्य होतो. ग्लॉकनचं म्हणणं असं की अशी अंगठी मिळाली तर न्यायी माणूस आणि अन्यायी माणूस यांच्यात फरक उरणार नाही. मी ही गोष्ट तीस-पस्तीस वर्षं शिकवली. आणि दर वर्षी सॉक्रेटिसच्या बाजूनं बोलताना मनात वाटायचं की ग्लॉकनचं म्हणणं जरा पोरकट आहे. त्या पहाटे माझ्या हातात अंगठी नव्हती, बटण होतं. फिरवायचं मात्र तसंच.

नोंदी पाठवायला पाच दिवस असतात. माझ्या हिशोबानं पाच वॅटच्या गटात त्या वर्षी देशात पहिला येण्याची शक्यता होती. पहिल्या दिवशी मी ठरवलं, तो एक संपर्क नोंदीतून काढून टाकू. बाकी सगळं पाच वॅटचंच आहे, मग झालं शुद्ध! दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की मी तो काढला तर त्या बेटावरच्या माणसाच्या नोंदीत मी आहे आणि माझ्या नोंदीत तो नाही. दंड त्याला. ज्यानं गर्दीतून कान देऊन ‘व्हीयू?’ विचारलं, माझ्या शुद्धीकरणाचं बिल त्याच्या नावावर. नोंदीत एखादा संपर्क ‘माझ्या गुणांत धरू नका, पण पडताळणीसाठी ठेवा’ अशी खूण करून देण्याची सोय आहे. तिसऱ्या दिवशी ती सापडली आणि मला हायसं वाटलं. पण तिनं त्याचा दंड वाचतो, माझी शक्ती मागे जाऊन पाच होत नाही. नियम साधा आहे: स्पर्धेत कोणत्याही क्षणी पाचच्या वर गेलात तर तुम्ही त्या गटात नाही. चौथ्या दिवशी गप्प बसून सगळं जसंच्या तसं पाठवायची फाइल तयार होती. खोटं कशाला बोलू, ती तयार होती.

पाचव्या दिवशी बायकोला सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘पाच काय आणि पन्नास काय, वीजबिल तर तेवढंच येणार ना?’’ मग थोड्या वेळानं चहा ठेवताना म्हणाली, ‘‘पण तुम्ही चार दिवस नीट जेवला नाहीत.’’ सॉक्रेटिसचं उत्तर साधारण हेच आहे, फक्त तो त्यासाठी आणखी आठ भाग घेतो.

मी नोंद १०० वॅटच्या गटात पाठवली. तो कॅरिबियन संपर्क तसाच ठेवला. निकालात त्या गटात शोधायला बोट बरंच खाली न्यावं लागलं. पुढच्या वर्षापासून मी फक्त पाचच वॅट देणारं छोटं यंत्र घेतलं. याला सद्गुण म्हणू नका. बटणच काढून टाकलं, एवढंच.

दुसरी चिठ्ठी: ‘परवाना नसताना हे ऐकता येईल का?’ येईल. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा रिसीव्हर इंटरनेटवर सर्वांसाठी खुला आहे. नोव्हेंबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी तो उघडा आणि ७ मेगाहर्ट्झच्या सुरुवातीला काटा लावा. पहिल्यांदा नुसता चिवचिवाट वाटेल. एखादं मोठं स्थानक पकडून त्याच्यावरच थांबा. ते दर काही सेकंदांनी स्वतःची कॉलसाइन सांगतं, ती दहा वेळा ऐकलीत की अक्षरं सुटी होऊ लागतात. मग त्याच्या हाकेनंतरच्या गर्दीकडे लक्ष द्या, आणि गर्दी थांबल्यावर मागे राहिलेल्या आवाजाकडे. आणि बघा, तो त्याला उत्तर देतो का.